आपल्या वजनाने पडलं पाहिजे

खोकं आलं म्हणून फोन केलास, तेव्हाच आवाजावरून ओळखलं की आज तू झोपणार नाहीस. उघड बाई. पिशव्या मोज, पुस्तिका चाळ, बॉडीचा पारदर्शक टप उजेडात धरून बघ. पण जोडायला आज बसू नकोस. ही रिमोटवाली गाडी एका रात्रीत जोडून होते, आणि एका रात्रीत जोडलेली गाडी कशी धावते ते मी पुष्कळ पाहिलंय. चार संध्याकाळी ठेव. रविवारी मी येतोच आहे. तोवर फोनवर जे नीट सांगता येत नाही ते लिहून देतो. तुझ्या आईला सांग, जेवणाचं टेबल चार दिवस मिळणार नाही. माझीच बहीण आहे, आधी ओरडेल आणि मग देईल.

चौतीस वर्षं भोसरीला टूलरूममध्ये काढली. डाय, फिक्श्चर, गेज. त्याच सवयीने मी या गाडीकडे बघतो, त्यामुळे माझं म्हणणं जरा एककल्ली वाटेल. मुलं नुसती सेटिंग सेटिंग करतात. कुठल्या रंगाची स्प्रिंग, किती अंश कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, मागच्या चाकाला किती टो, म्हणजे त्याचं तोंड किती आत. हे सगळं असतं, शेवटी करायचंही असतं. पण त्यांच्या गाडीत कुठेतरी एक आर्म जाम असतो, एक स्क्रू पाव फेरा जास्त आवळलेला असतो, आणि त्या जाम आर्मवर ही मंडळी स्प्रिंगा बदलत बसतात. सेटिंगचा मोठा भाग जोडतानाच होऊन गेलेला असतो. तिथे चुकलं की पुढे दिवसभर ट्रॅकवर उन्हात उभं राहून ते सापडत नाही.

१९९७ साली कंपनीने मला सहा महिने हमामात्सूला धाडलं होतं. सुट्टीच्या दिवशी लोकलने सव्वा तासात शिझुओका. तुझं किट ज्या तामियाचं आहे त्यांचं गाव. ही मंडळी मुळात लाकूडवाली. १९४६ सालची सुरुवात लाकडाच्या धंद्याने झाली, मग लाकडी मॉडेलं, मग प्लॅस्टिकची, आणि १९७६ साली त्यांची पहिली रिमोटवाली गाडी, १/१२ मापाची पोर्शे ९३४. त्या मॉडेलसाठी कंपनीच्या शुन्साकु तामियांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली होती. मला ही गोष्ट फार आवडते. तो माणूस खेळण्यासाठी मोटार खोलतो, आणि आपल्याला तयार छापून दिलेली पुस्तिका वाचायचा कंटाळा.

तर तिथे एका दुकानामागे छोटासा ट्रॅक होता. माझ्या आजच्या वयाचे एक गृहस्थ तिथे खुर्ची टाकून बसलेले असायचे. कुणी गाडी दाखवायला आणली की आधी शॉकअप काढायला लावायचे, मग सस्पेन्शनचा आर्म बोटाने वर उचलायचे आणि सोडून द्यायचे. टपकन खाली पडला तर गाडी परत देऊन टाकायचे. मध्येच रेंगाळला तर मान हलवायचे आणि पेचकस पुढे करायचे. मला जपानी चार शब्द येत होते, त्यांना इंग्रजी एकही नाही. पण कळलं. आर्म आपल्या वजनाने पडला पाहिजे.

आता तुझ्या टेबलाकडे येऊ.

खाली पांढरी चादर अंथर, जुनी, धुऊन मऊ झालेली. पडलेला बारीक स्क्रू लादीवर उड्या मारत कपाटाखाली जातो, चादरीवर पडल्या जागी बसतो आणि पांढऱ्यावर दिसतोही. स्क्रूसाठी आईचा जुना मसाल्याचा डबा माग. एका वाटीत ३ बाय १० मिलिमीटरचे, दुसरीत ३ बाय ८ चे, असे लावून ठेव. पिशव्या सगळ्या एकदम फोडायच्या नाहीत. अ पिशवीचं काम संपल्याशिवाय ब पिशवीला हात लावायचा नाही. प्लॅस्टिकचे भाग फांदीवरून कापताना बुंध्याशी थोडी गाठ राहते, ती कटरने साफ कर. अर्ध्या मिलिमीटरची ती गाठ पुढे बेअरिंग तिरकं बसवते, आणि मग माणूस बेअरिंगला शिव्या देतो.

पेचकस मी पाठवलाय तोच वापर. जपानी फुलीचा स्क्रू आणि आपल्या बाजारातला फुलीचा पेचकस सख्खे भाऊ वाटतात, पण चुलत आहेत. टोकाचा आकार किंचित वेगळा असतो, जोर लावला की आपला पेचकस खाचेतून वर निसटतो आणि फुलीचं फूल होऊन जातं. ३ मिलिमीटरच्या स्क्रूला २ नंबर आणि २ मिलिमीटरच्याला १ नंबर, दोन्हींवर जेआयएस, म्हणजे जपानी मानक, असं लिहिलेलं आहे. स्क्रू प्लॅस्टिकमध्ये स्वतः आटे पाडत जातो. पहिल्यांदा जाताना हात दुखेल, तर स्क्रूच्या टोकाला किंचित मेण किंवा सुका साबण लाव. पण एकदा काढून परत त्याच भोकात घालशील तेव्हा सरळ फिरवायला लागू नकोस. आधी उलटा फिरव, हळू. एक टिच असा आवाज येतो, बोटाला जाणवतो. म्हणजे स्क्रू जुन्या आट्याच्या तोंडाशी आला. तिथून सुलटा फिरव. हे न करणाऱ्यांच्या गाडीत चौथ्या वेळेला आटे गेलेले असतात आणि मोटर हलत असते.

आवळायचं किती? स्क्रूचं डोकं टेकलं की पाव फेऱ्याच्या आत थांब. टूलरूममध्ये नवीन पोरगा आला की तो ताकदीने आवळायचा. त्याला आम्ही आठवडाभर फक्त सैल करायला लावायचो.

ई-क्लिपा आणि बारीक स्प्रिंगा बसवताना दोन्ही हात मोठ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काम कर. बावळट दिसेल. पण क्लिप उडाली तर पिशवीतच राहते. मी हे शिकलो तोवर आमच्या सोफ्याने सहा क्लिपा गिळल्या होत्या.

पहिलं मोठं काम डिफरन्शिअलचं. तुझी टीटी-०२ ही चारही चाकांनी ओढणारी गाडी आहे, मधोमध एक दांडा, पुढे एक डिफ, मागे एक डिफ. २०१३ पासून ही चॅसी बाजारात आहे आणि तिच्यावर शिकलेले लोक जगभर सापडतील. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, आतल्याला जवळचा, म्हणून दोन चाकांना वेगवेगळं फिरू देण्यासाठी डिफ. पण वळणातून बाहेर पडताना गॅस दिलास की आतलं हलकं झालेलं चाक नुसतंच गरगर फिरतं, सगळी ताकद तिकडे पळून जाते. त्यासाठी पुढच्या डिफमध्ये घट्ट ग्रीस भर. मी छोट्या ट्यूबमध्ये वेगळं दिलंय, मधासारखं चिकट आहे. मागच्या डिफमध्ये किटमधलंच साधं, तेही दातांवर पातळ थर. दोन्ही घट्ट केलेस तर गाडी वळणार नाही, सरळ जाऊन भिंतीला भेटेल. जोडून झाल्यावर दोन्ही टोकं हातात धरून एक फिरव, दुसरं उलट दिशेला गेलं पाहिजे, कुठेही खरखर न करता. पुढचं जड लागेल, मागचं हलकं.

आणि आता ते, ज्यावरून तुझा मामेभाऊ मला अजून चिडवतो. डिफचा मोठा गिअर कुठल्या बाजूला येतो ते पुस्तिकेतल्या चित्रात नीट बघ. पुढे एका बाजूला, मागे दुसऱ्या. मी माझी पहिली शाफ्टची गाडी जोडली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि पुढचा डिफ उलटा बसवला. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळे बाळगोपाळ जमले. गॅस दिला. गाडी जागच्या जागी थरथरायला लागली, थंडी वाजल्यासारखी. पुढची चाकं मुंबईला निघालेली, मागची सोलापूरला. वॉचमन म्हणाला, साहेब, भूत आहे. पुन्हा सगळं उघडायला अडीच तास गेले. म्हणून गिअरबॉक्सचं झाकण लावायच्या आधी एकदा मागच्या डिफचा मोठा गिअर हाताने पुढे फिरव. पुढचाही त्याच दिशेने फिरला पाहिजे. दहा सेकंदांचं काम आहे.

किटमध्ये प्लॅस्टिकचे बुश येतात, ते बाजूला ठेव. बॉल बेअरिंगं मी पाठवलीत. बहुतेक ५ बाय ११ मिलिमीटरची आहेत. बेअरिंग अंगठ्याने दाबून बसलं पाहिजे. ठोकायची वेळ आली तर थांब, खाचेत काहीतरी आहे. मधला लांब दांडा टाकल्यावर त्याला दोन्ही टोकांमध्ये केसभर खेळ राहिलेला हवा. मोटर अजून लावलेली नाही, अशा वेळी तोच दांडा बोटाने टिचकी मारून फिरव आणि कान लाव. सलग, एकसारखा, दळल्यासारखा बारीक आवाज यावा. मध्येच टक टक करत असेल तर एखाद्या दातात प्लॅस्टिकचा कण आहे. मोटर लागल्यावर हे ऐकू येणार नाही, तेव्हा आत्ताच ऐक.

मग आर्म. इथे ते शिझुओकाचे गृहस्थ आठव. आर्म ज्या पिनांवर फिरतो त्या स्क्रूसारख्या आवळायच्या असतात आणि तिथेच माती खाल्ली जाते. पूर्ण आवळ, मग आर्म उचलून सोड. नाही पडला तर पिन पाव फेरा मागे घे. तरी नाही पडला तर पिन काढ, आर्मच्या भोकाच्या कडेला फांदीची गाठ किंवा साच्याची शिवण आहे का बघ, बारीक पॉलिश पेपरने एकदाच अलगद घास. एकदाच. भोक मोठं करून बसलीस तर चाक डगडगेल आणि त्याला औषध नाही. चारही आर्म सारखे पडले पाहिजेत. तीन टपकन आणि चौथा विचार करून, असं चालणार नाही. पुढची चाकं ज्या दोन स्क्रूंवर डावी उजवी वळतात तिथेही हाच प्रकार. तो स्क्रू जास्त आवळला की स्टिअरिंग जड होतं, वळून परत मध्यावर येत नाही, आणि मुलं म्हणतात स्टिअरिंग फिरवणारी मोटर, म्हणजे सर्व्हो, खराब.

स्टिअरिंगच्या दोन बारीक दांड्यांची लांबी पुस्तिकेत छापलेली आहे. आजोबांचं व्हर्निअर घे आणि त्याच मापावर आण, दोन्ही बाजूंना सारखी. मामाचं व्हर्निअर नव्हे, आजोबांचं. माझं पाडून ठेवलंय कुणीतरी.

शॉकअप. किटमधले कोरडे असतात, नुसत्या घर्षणावर चालतात. घरात फिरवायला ठीक. मी तेलाचे चार दिलेत, ते भरताना घाई केलीस तर मात्र कोरडेच बरे होते असं म्हणायची वेळ येईल. पिस्टन खाली ओढून ठेव, सिलिकॉनचं तेल काठोकाठ भर, मग पिस्टन हळूहळू वर खाली कर. बुडबुडे वर येतील. लगेच झाकण लावायचं नाही. चारही शॉकअप एका वाटीत तांदूळ भरून त्यात उभे खोच आणि अर्धा तास दुसरं काम कर. परत येशील तेव्हा तळातून आणखी एक दोन बुडबुडे निघालेले असतील. मग वरचं रबर अलगद ठेव, जादा तेल कडेने सांडू दे, झाकण लाव. दोन शॉकअप शेजारी शेजारी धरून एकदम दाब. सारखे आत जातात का, सारखे बाहेर येतात का, कानाशी धरल्यावर आतून चुळुक असा आवाज येतो का. चुळुक म्हणजे हवा. पुन्हा उघड. तांदूळ नंतर कबुतरांनाही घालू नकोस, टाकून दे.

तेल उन्हात पातळ होतं हे लक्षात ठेव. डिसेंबरच्या सकाळी जो शॉकअप नीट वाटतो तो मे महिन्याच्या दुपारी, तापलेल्या डांबरावर, पाण्यासारखा हलतो. म्हणून उन्हाळ्यात एक पायरी घट्ट तेल. पुण्यात एवढं कळलं तरी अर्ध्या लोकांच्या पुढे जाशील.

मोटर लावण्याआधी दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे तीन व्होल्टवर, दहा एक मिनिटं नुसती फिरू दे. आतले ब्रश नवे असतात, त्यांना गोलाई घेऊ दे. पिनिअनचा, म्हणजे मोटरवरच्या छोट्या गिअरचा, बारीक स्क्रू मोटरच्या दांड्याच्या चपट्या भागावरच आला पाहिजे. गोल भागावर आवळलास तर दुसऱ्या फेरीत सुटतो. त्या एका स्क्रूला निळं लॉकटाइट लाव, टाचणीच्या टोकावर मावेल एवढं. धातूत धातू असेल तिथेच. प्लॅस्टिकला ते लागलं तर तडा जातो. तुझ्या किटमध्ये पिनिअन २२ दातांचा आणि मोठा गिअर ७० चा, आतली घट धरून मोटरचे साधारण सव्वाआठ फेरे म्हणजे चाकाचा एक. हे आहे तसं राहू दे. वेगासाठी मोठा पिनिअन लावायचा मोह दुसऱ्या आठवड्यात होईल, तेव्हा आधी पाच मिनिटं चालवून मोटरला हात लावून बघ. बोट ठेवता येत नसेल तर मोह आवर.

इलेक्ट्रिकचं काम कमी आहे आणि क्रम महत्त्वाचा आहे. सर्व्हो गाडीत बसवण्याच्या आधी टेबलावरच रिसीव्हरला जोड, रिमोट चालू कर, ट्रिम मध्यावर ठेव, सर्व्होला स्वतःचा मध्य घेऊ दे. मग त्यावर सर्व्हो सेव्हर सरळ उभा बसव. उलटं केलंस, म्हणजे आधी आवळलंस आणि मग वीज दिलीस, तर एका बाजूला गाडी खूप वळते आणि दुसऱ्या बाजूला वळतच नाही. ट्रिम ओढून ते लपतं, बरं होत नाही. स्टिअरिंग टोकाला गेल्यावर सर्व्हो गुंगुं करत असेल तर रिमोटवर त्या बाजूची मर्यादा कमी कर. आणि रोजचा नियम: चालू करताना रिमोट आधी, गाडी नंतर. बंद करताना गाडी आधी. आमच्या वेळी २७ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल होते, दोघांचा सारखा निघाला तर एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी पळायची. आता २.४ गिगाहर्ट्झमध्ये ती भानगड गेली, पण हा नियम राहिला.

बॅटरीबद्दल मी गंभीर आहे, हे दोनदा वाच. मी दिलेली दोन सेलची लिपो आहे, ७.४ व्होल्टची, भरली की ८.४. चार्जरवर लिपो आणि बॅलन्स हेच निवडायचं, ४००० एमएएचची बॅटरी असेल तर ४ अँपिअरपेक्षा जास्त नाही. बॅटरी त्या जाड पिशवीत, पिशवी लादीवर, गादीवर नाही, आणि चार्ज होईस्तोवर त्या खोलीत जागं माणूस. स्पीड कंट्रोलवर लिपोचा कट ऑफ चालू आहे ना ते बघ. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की मेला. आठवडाभर वापरणार नसशील तर प्रत्येक सेल ३.८ च्या आसपास ठेवून दे, पूर्ण भरलेली ठेवू नकोस. फुगली तर ती दाबून बघायची नाही, टोचायची तर मुळीच नाही, मला फोन करायचा. स्कूटरच्या डिकीत उन्हात बॅटरी ठेवलेली मला दिसली तर रिमोट मी घरी घेऊन जाईन.

बॉडी सर्वांत शेवटी, आणि तिथे मात्र मजा कर. ती पॉलीकार्बोनेटची आहे, रंग आतून द्यायचा. भांड्याच्या साबणाने आतून धुऊन वाळव, बोट लावू नकोस. खिडक्यांना आतून मास्क, मग गडद रंग आधी आणि फिका नंतर, पातळ थरांत. उलट केलंस तर पिवळ्यामागून काळा दिसतो. लाल, पिवळा असे रंग असतील तर शेवटी आतून पांढरा किंवा चंदेरी थर दे, बाहेरून उठाव येतो. बाहेरच्या बाजूची पातळ फिल्म सगळं झाल्यावर काढायची. रंगाच्या डब्यावर पीएस लिहिलेलं हवं. मी एकदा घरातला गाडीचा उरलेला स्प्रे मारला होता. दिसायला झकास. पहिल्या धडकेत पापडासारखा सुटून पडला. कापताना वाकडी कात्री, आणि सरळ रेषांना नुसती कटरने रेघ ओढून मागे पुढे वाकव, कडक्कन तुटते. चाकाच्या कमानी थोड्या मोठ्या काप. गाडी वळताना टायर बॉडीला घासला की तू पुन्हा सर्व्होला दोष देशील.

आता गाडी उभी राहिली. आजोबांच्या टेबलावरची काच काढ, भिंतीवरचं लेव्हल लावून सपाट कर, बॅटरीसकट गाडी तिच्यावर ठेव. पुढून, चॅसीच्या बरोबर मध्याखाली, पेचकसाचं टोक घाल आणि श्वास रोखून हळू उचल. डोळे काचेच्या पातळीला आण. दोन्ही पुढची चाकं एकाच क्षणी काच सोडतात का? एक आधी उठलं आणि दुसरं टेकून राहिलं तर गाडीत पीळ आहे. कुठला तरी शॉकअप लांब, एखादा स्प्रिंगचा ठोकळा वेगळा, किंवा बॅटरी एका अंगाला. शोधून काढ आणि मागूनही हेच कर. ही एक परीक्षा मी कुठल्याही महागड्या सेटिंग स्टँडच्या आधी घेतो. पिळलेली गाडी डावीकडे छान वळते आणि उजवीकडे गिरकी घेते, आणि चालवणारा म्हणतो माझं उजवं वळण कच्चं आहे.

उंची: गुळगुळीत बांधलेल्या ट्रॅकवर लोक चॅसीखाली पाच साडेपाच मिलिमीटर ठेवतात. आपल्या पार्किंगच्या डांबरावर आठच्या खाली उतरू नकोस, खडी तळ खरवडते. मागच्या चाकांना दोन तीन अंश आत टो असला की गाडी सरळ रेषेत शहाण्यासारखी जाते. कॅम्बर तुझ्या किटमध्ये जवळपास ठरलेलाच आहे. पुढे फिरवता येणारे दांडे घेशील तेव्हा दीड ते दोन अंश उणे, आणि मग टायर बघत राहा. टायर आतल्या कडेने झिजून शंकूसारखा व्हायला लागला तर कॅम्बर जास्त झाला. टायर कधी खोटं बोलत नाही, मित्र बोलतात.

पहिल्या दिवशी खराटा घेऊन जा. हसू नकोस. पार्किंगमधली धूळ झाडून काढल्याशिवाय कुठल्याही स्प्रिंगचा काही उपयोग नाही, आणि झाडल्यावर तीच गाडी वेगळी वाटते. दोन पाण्याच्या बाटल्या दहा पावलांवर ठेव आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहा. गाडी तुझ्याकडे येते तेव्हा डावं उजवं उलटतं. तेव्हा मनाने गाडीत बस, बाहेर उभी राहू नकोस. पहिली अख्खी बॅटरी एवढंच कर, निम्म्या गॅसवर. मग थांब आणि चारही चाकांचे नट तपास, त्यातला एक सैल झालेलाच असतो.

मग वळणं. नाक बाहेर जात असेल, म्हणजे स्टिअरिंग देऊनही गाडी रुंद फिरत असेल, तर पुढची स्प्रिंग मऊ कर किंवा मागची कडक. मागचं अंग फिरत असेल तर मागची मऊ कर. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिही: तारीख, जागा, ऊन, काय बदललं, काय वाटलं. दोन बदल एकदम केलेस तर कुठल्याने फरक पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. माझी वही मी आणतो. तीत अर्धी पानं चुकीच्या निदानांची आहेत, ती आधी वाच.

शर्यतीला जाशील तेव्हा एक रीत पाळायची. इलेक्ट्रिक गाड्यांची फेरी पाच मिनिटांची असते. आपली फेरी झाली की गाडी खाली ठेवून पुढच्या फेरीत वळणावर उभं राहायचं, उलटलेल्या गाड्या सुलट करायला. आपली गाडी हरली म्हणून तोंड पाडून निघून जाणारे लोक असतात, त्यांना पुढच्या वेळी कुणी गाडी उचलून देत नाही. गाडी उचलताना दोन्ही बाजूंना बघ. दीड किलोची वस्तू घोट्यावर आपटली की दिवसभर लंगडत फिरावं लागतं. मी फिरलोय.

बॅटरी शनिवारी रात्री चार्ज करून ठेवू नकोस. रविवारी सकाळी सातला मी येतो, चार्जर माझ्यासमोर लाव. शॉकअप काढून ठेव, आर्म मी उचलून बघणार आहे.